आम्ही ठेवलेलं नाव

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. २२ मार्च २०२५

चि. महेशास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या अरुणाचलातल्या डोंगरावर फोन लागत नाही आणि पत्र मात्र आठ-दहा दिवसांत पोचतं, हे मला अजून खरं वाटत नाही. रस्ता बांधणारे तुम्ही आणि तुमच्याच कॅम्पपर्यंत धड रस्ता नाही, असं हे परवा म्हणत होते. तब्येतीची काळजी घे. मागच्या फोटोत गालफडं बसलेली दिसली.

मुद्द्याचं आधी लिहिते, घाबरू नकोस. बुधवारी रंगपंचमी झाली. बोळातली सगळी पोरं खाली रंग खेळत होती. तेव्हा तुझी दानी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरून पडली. डाव्या हाताचं मनगट मोडलंय. प्लास्टर सहा आठवडे ठेवायचंय. गालावर थोडं खरचटलंय, ते रंगानं झालं असावं. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, हाड लवकर जुळेल. उजवा हात शाबूत आहे, त्यामुळे चौथीची परीक्षा बुडणार नाही. तिच्या आईलाही, ओयिनला, फोनवर मी एवढंच सांगितलंय. तिचं डिब्रूगडचं नर्सिंगचं पुढचं प्रशिक्षण ऐन भरात आहे, तिच्या जिवाला घोर लावायला नको.

समोरच्या धनलक्ष्मी अम्मांनी तिला उचलून रिक्षात घातलं. सत्तरीची बाई, पण जिना उतरून माझ्या आधी पोचली. मी तव्यापाशी होते.

दानी जरा गप्प आहे. पडल्याची भीती बसली असेल. शाळेला सध्या सुट्टी घेतलीय. तिच्या चंद्रिका मॅडम घरी येऊन अभ्यास घेतात.

बाकी इकडे ऊन तापायला लागलंय. जूनच्या गणवेशाच्या ऑर्डरी आल्यात, म्हणून हे आणि भागीदार शहाजीराव दिवसभर कारखान्यातच असतात. शहाजीरावांच्या विजयमाला वहिनींनी दानीसाठी शिरा पाठवला होता. तिनं खाल्ला नाही, गोड नको म्हणाली.

गेल्या जूनमध्ये तू तिला माझ्या ओटीत घालून गेलास. मी तिची काळजी घेतेच आहे. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
दाक्षायणी


कॅम्प,
दि. ३ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्कास,
महेशचे शि. सा. न. वि. वि. दाजींनाही नमस्कार, शरणु शरणार्थी.

तुझं पत्र भाजीच्या गाडीतून आलं, कोबीच्या पोत्याखाली. वाचून आधी धस्स झालं, मग हसू आलं. सोलापुरात येऊन हात मोडला नाही तर ती माझी मुलगी कसली. मी शेतातल्या चिंचेवरून पडलो होतो तेव्हा तू आईला सांगितलंस की मला बैलानं ढकललं. आईनं तुझ्या कानांकडे बघितलं आणि चिंचेला कुंपण घालून घेतलं. तुला खोटं बोलता येत नाही अक्का, तुझे कान लाल होतात.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. दानीला सोलापूरला ठेवायला ओयिन तयार नव्हती. पासीघाटला तिच्या आईकडे राहू दे, म्हणत होती. तुमच्याकडं लोक आधी तिचा चेहरा बघतील, मग तिला बघतील, असं म्हणाली. मी हट्ट धरला. माझी भाषा तिच्या तोंडात बसू दे, माझी माणसं तिला आपली वाटू देत, दीडच वर्ष तर आहे. मी म्हटलं, तो माझा बोळ आहे, तिथं माझी अक्का आहे. तू नसतीस तर मी हा हट्ट धरला नसता.

म्हणून हात मोडल्याचं वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. धनलक्ष्मी अम्मांना माझा नमस्कार सांग. शहाजीरावांच्या घरच्यांनाही. परकी पोर असून सगळे इतकं करतात, हे मी इथं सगळ्यांना कौतुकानं सांगतो.

दानीला म्हणावं, प्लास्टरवर सगळ्यांच्या सह्या घे. माझ्यासाठी अंगठ्यापाशी जागा ठेव.

तुझ्या मायेत कधी खंड पडला नाही, पुढंही पडू नये.

तुझा,
महेश


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. १५ एप्रिल २०२५

चि. महेशास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माझे कान खरंच तापले. दोन दिवस ते देवघरात ठेवलं, जसं काही देव उत्तर लिहिणार होता. आता एका दमात लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा काहीतरी गुळगुळीत लिहून जाईन.

दानी पडली नाही. तिला पाडलं.

शहाजीरावांचा दिग्विजय, नववीतला, त्याला तू ओळखतोस. त्याच्याबरोबर वरच्या घरातली पिंकी होती आणि आणखी दोन पोरं. पिंकीनं दानीचे हात मागून धरले. दिग्विजयनं तिच्या तोंडाला सिल्व्हरचा रंग फासला आणि भांडी घासायच्या काथ्यानं घासायला सुरुवात केली. चायनाचा माल आहे, रंग टिकतो का बघू, असं ओरडत होता. बाकीचे टाळ्या पिटत होते. ती कशीबशी सुटून टाकीच्या पायऱ्या चढली, तर त्यानं वेणी धरून मागं ओढलं. खरचटलं असं मी लिहिलं होतं ना, ते खरचटणं नव्हतं. गालाची कातडी सोलली होती.

मी कुठं होते, ते तू विचारणारच. मी गॅलरीत होते. विजयमाला वहिनी शेजारी उभ्या होत्या. खालचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आम्ही दोघी हसत होतो. दानीनं एकदा वर माझ्याकडं पाहिलं. मी तिला हात हलवून दाखवला महेश. मग तव्यावरची पोळी करपेल म्हणून आत गेले. धनलक्ष्मी अम्मांची हाक ऐकू आली तेव्हा बाहेर आले.

अजून संपलं नाही. ते चायना नाव कुणी ठेवलं माहीत आहे? मी. गेल्या जूनमध्ये बायका तिला बघायला आल्या तेव्हा मीच कौतुकानं म्हटलं, ही बघा आमची चायनाची बाहुली. बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरांच्या तोंडात ते नाव होतं. दिवाळीपर्यंत सगळा बोळ तिला त्याच नावानं हाक मारत होता. ती ओ देत नसे. मी तिलाच रागवायचे, मोठ्यांना उत्तर देत जा म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी गालाचं विचारलं. मी रंगाची ॲलर्जी म्हणाले. ह्यांनी रिक्षातच मला सांगितलं होतं, शहाजीरावांशी वाकडं घेतलं तर कारखाना बंद पडेल, पोरांचं भांडण पोरांत राहू दे. मी लगेच मान डोलावली. ह्यांच्यावर ढकलत नाही. मलाही ते सोयीचं वाटलं, कारण खोलात गेलं तर माझं नाव निघालं असतं.

आता दानीचं. ती खिडकीपाशी बसत नाही. घरातसुद्धा डोक्यावरून ओढणी घेते, पार भुवयांपर्यंत. बाथरूममधल्या आरशावर तिनं टॉवेल टाकलाय. मी काढला की परत टाकते. परीक्षेला जायला तयार नव्हती. धनलक्ष्मी अम्मा आल्या, तिच्या चपला तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाल्या, मी पण येते, मला कुठं शाळा बघायला मिळाली. पेपर संपेपर्यंत त्या वर्गाबाहेर बाकावर बसून असतात. पाच पेपर असे झाले. मी मागून जाते, दहा पावलं अंतर ठेवून. दानी माझा हात धरत नाही.

रविवारी अम्मा माझ्याकडे आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, दाक्षायणी, पोरगी मला विचारती, डोळे मोठे करायचं ऑपरेशन सोलापुरात होतं का. मी काय सांगू तिला? मला रडू आलं. अम्मा थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आमचे सासरे तेलंगणातून आले तेव्हा ह्याच बोळातली माणसं आमच्या बोलण्याला डब्यात खडे वाजतात म्हणायची. मी पंधरा वर्षांची सून, वर्षभर बाहेर तोंड उघडलं नाही. रडून काय होतंय. ते नाव तुझ्या घरातून बाहेर पडलं, ते तूच परत घ्यायला पाहिजे.

तुला आधी सांगायला हवं, असं वाटलं. तू विश्वासानं लिहिलंस आणि मी तुझ्या लेकीला हात हलवला. लोभाचं काही मागत नाही. मागायचं तोंड नाही.

अक्का


पासीघाट,
दि. २४ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
न. वि. वि.

पत्र वाचून मी साहेबांची गाडी मागितली आणि फोन लागतो तिथपर्यंत खाली उतरलो. सात तास लागले. वाटेत तुला सुनावायची वाक्यं जुळवत होतो. ओयिनला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि तिनं एकच विचारलं, तुला हे आधी काहीच माहीत नव्हतं?

मला माहीत होतं, अक्का. दिवाळीत दानीनं फोनवर सांगितलं होतं, बाबा, सगळे मला चायना म्हणतात. मी हसलो होतो. म्हटलं, त्यांना सांग, मी मेड इन सोलापूर आहे. स्वतःवर खूश होऊन ते कॅम्पात दहा जणांना सांगितलं. तिनं मला पुन्हा कधी काही सांगितलं नाही. मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्यामुळे तुला सुनावायचं राहून गेलं. राग नाही असं नाही. सारखं ते गॅलरीतलं डोळ्यांपुढं येतं. पण तू वरून पाहिलंस आणि मी फोनवरून ऐकलं, एवढाच फरक.

पावसाआधी पूल पुरा करायचा म्हणून मला सुट्टी मिळत नाही. ओयिन तुला वेगळं लिहील. ती म्हणेल तसं कर. मला विचारू नकोस.

महेश


डिब्रूगड,
दि. २५ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्का यांना,
ओयिनचा नमस्कार.

माझं मराठी पुण्याच्या वॉर्डात शिकलेलं आहे. कुठं दुखतंय, श्वास घ्या, हे नीट येतं. बाकी चुका होतील.

काल महेशचा फोन ठेवला आणि मी दानीशी बोलले. तुमच्याशी बोलले नाही. बोलले असते तर ओरडले असते. ओरडलेलं परत घेता येत नाही, म्हणून लिहिते.

मी पुण्यात चार वर्षं शिकले. पहिल्या आठवड्यात एका पेशंटनं मला सलाइन लावू दिलं नाही. ही नेपाळची बाई नको, म्हणाला. आम्ही तिघी एका खोलीत राहत होतो. बांबूचे कोंब शिजवले तर वास येतो म्हणून मालकिणीनं आमचं सामान जिन्यात ठेवलं. रस्त्यावर तर रोज काहीतरी. महेशला मी यातलं थोडंच सांगितलं, दानीला काहीच नाही. मला वाटलं, मी सांगितलं नाही तर तिच्या वाट्याला येणार नाही. ही माझी चूक. तिला वाटतंय, हे जगात फक्त तिलाच झालं, म्हणजे तिच्यातच काही वाईट आहे.

काल मी तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, आई, तू तेव्हा काय केलंस? मी खरं सांगितलं. काही केलं नाही, रडले आणि ड्यूटीवर गेले. ती म्हणाली, मी पण रडलेच.

महेशनं तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुम्हाला माफी हवी आहे, असं मला वाटलं. ती माझ्याकडं नाही. ती दानीची आहे, आणि तिच्याकडं मागायची घाई करू नका. आधी दवाखान्यात जा. मी नर्स आहे, मला माहीत आहे, कागदावर पडली असं राहिलं तर ती पडलीच. ते बदलून घ्या. मग पोलिसांकडं जा. मुलांना कोठडीत घालायचं नाही. पण मोठ्या माणसांनी दानीसमोर म्हणायला पाहिजे की हे झालं, आणि हे चूक झालं. ते नाव तुम्ही ठेवलं हे तुम्ही महेशला लिहिलंत. त्याला लिहून काय उपयोग? तो बोळात राहत नाही.

माझी परीक्षा झाली की १८ मेला येते. तिला न्यायचं की ठेवायचं, तिलाच विचारू. तोपर्यंत कुणी तिला विसरून जा म्हणू नये. धनलक्ष्मी अम्मांचे पाय मी आल्यावर धरीन.

तुमच्यावर राग आहे. माया पण आहे. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते.

ओयिन


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. ७ मे २०२५

चि. सौ. ओयिनला,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचलं आणि ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग चपला घालून म्हणाले, चल. आधी दवाखान्यात जाऊन कागदावर खरं ते लिहून घेतलं, तिथून चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, सहा आठवडे का थांबलात. मी म्हटलं, भीती वाटली. कुणाची, असं त्यांनी विचारलं. तेव्हा हे म्हणाले, माझी. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्यांना चारचौघांत मान खाली घालून बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. धनलक्ष्मी अम्मांनी मागून येऊन साक्ष दिली. अर्धी तेलुगूत, अर्धी मराठीत, पण एकही शब्द गाळला नाही. आता मुलांना आईवडिलांसकट दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाकडं जावं लागणार आहे.

शहाजीराव त्याच संध्याकाळी दारात आले. आवं वैनी, पोरांचा ख्योळ हाय की त्यो, म्हणाले. रंगपंचमीला रंग लावला म्हणून पोलिसात जातंय व्हय कुणी? मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, शिवयोगी, तू माझा भागीदार हाईस का वैरी? हे म्हणाले, शहाजी, तुझ्या पोराच्या गालाला कुणी काथ्या लावला असता तर तू काय केलं असतंस? दुसऱ्या दिवशी कारखान्यातली निम्मी मशिनं टेंपोत चढली. बारा वर्षांची भागीदारी दुपारच्या जेवणाआधी मोडली. गणवेशाचा हंगाम तोंडावर आहे. हे आता स्वतः कटिंगला बसतात.

मग रविवारी संध्याकाळी चंद्रिका मॅडमनी गणपती मंडळाच्या शेडमध्ये बोळातल्या सगळ्यांना बोलावलं. तीस-चाळीस माणसं असतील. दानी येणार नाही असं वाटलं होतं, पण आली. ओढणी डोक्यावर घेऊन अम्मांना चिकटून बसली. मॅडम आधी थोडं बोलल्या, मग माझ्याकडं पाहिलं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं गेलं. मी म्हटलं, हे नाव मी ठेवलं. तुमच्या पोरांनी ते माझ्या तोंडून उचललं. रंगपंचमीला मी वरून बघत होते आणि खाली आले नाही. दवाखान्यात खोटं बोलले. माझ्या भावाच्या पोरीचं नाव दानेश्वरी आहे, आमच्या आईचं नाव. ते सोडून मी तिला वस्तूचं नाव दिलं, मग पोरांनी तिला वस्तूसारखं घासलं. एवढंच बोलता आलं.

विजयमाला वहिनी उठून निघून गेल्या. मग कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या फुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, मी बी म्हनत होते की. ए चायना, कोथमीर घेऊन जा, असं रोज म्हनायचे. मायेनं म्हनायचे, पन लेकराला माया कळत न्हवती, नुसतं नाव कळत हुतं. पिंकीची आई रडायला लागली. पिंकीला पुढं आणायला निघाली, पण मॅडमनी थांबवलं. आज कुणी पोरीला माफ कर म्हणायचं नाही, म्हणाल्या. आज फक्त मोठ्यांनी बोलायचं. मग एकेक जण बोलत गेला. काही नुसतेच मान खाली घालून बसले. एकदोघं पुटपुटत गेले की राईचा पर्वत केला. सगळा बोळ बदलला असं मी तुला लिहिणार नाही.

घरी आल्यावर दानी चपला काढताना थांबली. म्हणाली, आत्या, मी वर बघितलं तेव्हा तुला खरंच कळलं नव्हतं का? तोंडाशी आलं होतं, नाही गं, नाही कळलं. पण म्हटलं, कळलं होतं. तू रडतेयस असं वाटलं होतं. पण खेळच आहे असं मानलं, कारण ते सोपं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. जेवताना मात्र तिनं स्वतःहून चटणी मागितली.

आता थोडं चांगलं. प्लास्टर निघालंय. मनगट आखडलंय, म्हणून अम्मा रोज दुपारी कोमट तेलानं चोळतात. अम्मांच्या मागच्या खोलीत एक जुना हातमाग आहे. परवा दानी त्याच्याकडं बघत म्हणाली, माझी आई कमरेला बांधून विणते. अम्मांना खरं वाटेना. मग दानीनं दोरी मागितली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मागं रेलून दाखवलं की ताण असा धरायचा. तुझा तो कमरेला नेसायचा गाले कसा विणतात, त्यावरची नक्षी कशी मोजतात, पासीघाटच्या आजीला किती दिवस लागतात, असं ती अर्धा तास बोलत होती. दोन महिन्यांत इतकं बोलली नव्हती. ओढणी कधीच खांद्यावर घसरली होती, तिला पत्ता नव्हता. दारातून बघणाऱ्या दोन पोरींना अम्मांनी आत घेतलं. एकीच्या कमरेला दोरी बांधायची तर दानीनं आधी नाही म्हटलं. मग बांधली.

आरशावर टॉवेल अजून आहे. मी काढत नाही. तिची तीच काढील.

१८ तारखेची वाट बघते. मला काय बोलायचं ते समोर बोल, मी ऐकून घेईन. पाकिटातलं दोन्ही पोचलं. दोन्ही जपून ठेवलंय.

तुझी,
अक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
दि. १७ जून २०२५

चि. महेशास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा पूल पुरा झाल्याचं ओयिननं सांगितलं. आता पोटभर झोप काढ.

ओयिन बारा दिवस राहिली आणि आम्ही पहिले दोन दिवस फक्त स्वयंपाकाचं बोललो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अक्का, तुम्ही कुठं उभ्या होता ते दाखवा. मी गॅलरीत नेलं. ती माझ्या जागेवर उभी राहून खाली बघत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग आत आली आणि म्हणाली, लसूण सोलायचा राहिलाय. आम्ही दोघी जमिनीवर बसून लसूण सोलत होतो. दोघींच्या डोळ्यांना पाणी होतं आणि लसणाचा काही दोष नव्हता.

शेवटच्या आठवड्यात विजयमाला वहिनी दिग्विजयला घेऊन आल्या. शहाजीराव आले नाहीत. पोरगं उंच झालंय, पण जिन्यात असं उभं की अंग कुठं लपवावं ते त्याला कळेना. माझं चुकलं, असं जमिनीकडं बघून म्हणाला. दानी ओयिनच्या मागं होती. तिनं ऐकलं आणि आत निघून गेली. वहिनींनी आशेनं ओयिनकडं पाहिलं. ओयिन म्हणाली, त्याला बोलायला सांगितलं ते तुम्ही बरं केलंत, पण तिनं उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पुढं वहिनी हळू आवाजात मला म्हणाल्या, दाक्षायणी, मी पण हसत होते. मी म्हटलं, माहीत आहे. आम्ही अजून एकमेकींकडं जात-येत नाही, पण जिन्यात भेट झाली तर मान वळवत नाही.

न्यायचं की ठेवायचं, हे दानीला विचारलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले. माझ्याकडं बघून तिनं उत्तर द्यायला नको, म्हणून. तिनं एक दिवस मागून घेतला. मग म्हणाली, आईचं शिक्षण डिसेंबरात संपतंय, तोवर राहते, पाचवीला पण चंद्रिका मॅडमच आहेत. मग आपल्या घरी जायचं. आपलं घर म्हणजे पासीघाट, हे तिनं मुद्दाम सांगितलं. मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं. आणि एक अट घातली, शाळेत माझ्याबरोबर कुणी यायचं नाही.

काल शाळा सुरू झाली. अम्मा दाराशी येऊन उभ्या होत्या. दानीनं त्यांना नमस्कार केला, दप्तर घेतलं आणि निघाली. डोक्यावर ओढणी नव्हती. फुलाबाई टोपलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी नुसतं दानेश्वरी म्हटलं, बाकी काही नाही. हे कारखान्यात जायचे थांबले होते. आम्ही तिघं जण वळणापर्यंत बघत राहिलो, पण कुणी पाऊल पुढं टाकलं नाही. वळणावर तिनं मागं पाहिलं नाही.

शाळा साडेपाचला सुटते. पावणेसहा झाले, सहा झाले. मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. हे म्हणाले, अट आहे. सव्वासहाला ती आली, बूट मातीनं भरलेले. कुठं होतीस, हे मी विचारलं नाही. पाणी दिलं. तीच सांगायला लागली. वर्गात एक नवीन मुलगा आलाय. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, तू कुठली? सगळे तिच्याकडं वळले, मॅडमसुद्धा. ती म्हणाली, पासीघाटची, आणि सध्या सोलापूरची, तू कुठला? तो म्हणाला, मैंदर्गीचा. तिला मैंदर्गी कुठं आहे ते माहीत नव्हतं आणि त्याला पासीघाट. म्हणून शाळा सुटल्यावर दोघांनी मैदानात मातीवर काडीनं नकाशा काढला. मैंदर्गी लगेच आलं, अक्कलकोटच्या पुढं. पासीघाट काढायला मात्र मैदान पुरेना. शेवटी शिपायानं दोघांना घरी हाकललं.

हे सगळं सांगून ती हातपाय धुवायला गेली. बाथरूमचं दार उघडं होतं. टॉवेल आरशावर नव्हता, तिच्या हातात होता, आणि ती तोंड पुसत आरशात बघत होती. गालावरचा डाग फिका झालाय, पण आहे. बोटानं तो चाचपून बघत होती. मी तिथून बाजूला झाले.

ती मला अजून पूर्वीसारखी बिलगत नाही. डिसेंबरपर्यंत बिलगेल की नाही, माहीत नाही. तिनं मागितली तर चटणी देते, विचारलं तर खरं सांगते. एवढं माझ्या हातात आहे.

तुझ्या लेकीनं पत्राच्या मागं तुझ्यासाठी काहीतरी लिहिलंय. मी वाचलेलं नाही. जमेल तेवढी माया ठेव.

तुझी अक्का,
दाक्षायणी